वस्तीवरच्या विहिरीतील नायट्रेटचा अंदाज कसा बांधावा

गावाच्या नळयोजनेचा उद्भव सरकारी नोंदवहीत असतो आणि त्याच्या पाण्याची तपासणी, वेळेवर असो वा उशिरा, कधीतरी होते. मळ्यात राहणारे कुटुंब ज्या विहिरीचे किंवा घरामागच्या बोअरचे पाणी पिते, ती मात्र बहुधा खोदल्या दिवसापासून एकदाही तपासलेली नसते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही आणि पिण्याच्या पाण्यात जेवढे सापडते तेवढ्याला चवही नाही. त्यामुळे "आमच्या विहिरीचे पाणी गोड आहे" हा पिढ्यान्‌पिढ्यांचा निर्वाळा या बाबतीत उपयोगाचा नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातील १९.८ टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले, तर महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.७४ टक्के होते. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव हे जिल्हे त्यात विशेष गंभीर म्हणून नोंदवले गेले. तथापि हे आकडे मंडळाच्या निरीक्षण ठिकाणांचे आहेत. जिल्ह्याचा आकडा आपल्या विहिरीवर चिकटवणे म्हणजे तालुक्याचा सरासरी पाऊस पाहून आपल्या शेताला पाणी द्यायचे की नाही हे ठरवण्यासारखे आहे.

या लेखात सांगितलेला अंदाज एका मर्यादित कामासाठी आहे. गावात किंवा वाडीत दोनशे खासगी विहिरी असतील आणि या हंगामात चाळीसच नमुने तपासणे परवडणार असेल, तर ते चाळीस कोणत्या विहिरींचे घ्यावेत, हे ठरवण्यासाठी तो बांधायचा. सहा महिन्यांच्या आतील बाळ वरच्या दुधावर असेल, त्या घराच्या विहिरीसाठी अंदाज बांधत बसू नये. ते पाणी थेट तपासावे आणि निकाल येईपर्यंत बाळासाठी दुसरे पाणी वापरावे. अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये बाळे निळी पडण्याचा संबंध प्रथम नायट्रेटयुक्त पाण्याशी जोडला, तेव्हा ते पाणीही शेतावरच्या खासगी विहिरींचेच होते. बाळाच्या शरीरात या पाण्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते, आणि मोठ्यांना निर्धोक वाटणारे पाणी त्याला घातक ठरू शकते.

आधी एकक पाहावे

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा उद्भव उपलब्ध नसला तरी त्यात सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५० हा आकडा मानते. अमेरिकेत मात्र १० हा आकडा वापरला जातो आणि तो पाहून तिकडचा नियम चौपट कडक आहे असा समज होतो. वस्तुतः तो नुसत्या नायट्रोजनचा आकडा आहे, त्याला ४.४३ ने गुणले की ४४.३ येतात, म्हणजे मर्यादा जवळजवळ तीच. हा गुणाकार क्षुल्लक वाटतो, पण आम्ही त्यात एकदा चांगलेच फसलो. एका प्रयोगशाळेच्या अहवालात नायट्रेटपुढे ११.६ हा आकडा होता आणि शेजारच्या रकान्यात मर्यादा ४५ छापलेली होती. घरचे लोक दोन महिने निर्धास्त राहिले. नंतर कुणीतरी चष्मा लावून तळाची बारीक ओळ वाचली, तर तिथे "नायट्रोजन म्हणून" असे लिहिले होते, म्हणजे खरा आकडा ५१.४ होता. बाजारातल्या तपासणी पट्ट्यांच्या डबीवरही दोन्ही प्रकारची मापे असतात. म्हणून कोणताही आकडा वहीत उतरवताना त्याच्यापुढे "नायट्रेट म्हणून" की "नायट्रोजन म्हणून" हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्या अहवालांत एकक स्पष्ट नसेल, तर ते आकडे अंदाजाच्या कामात घेऊ नयेत.

भार, वाट आणि ऱ्हास

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २००६ मध्ये देशभराच्या विहिरींसाठी जे प्रारूप (मॉडेल) प्रसिद्ध केले, त्याचा सांगाडा तीन प्रश्नांवर उभा होता: जमिनीवर नायट्रोजन किती पडतो, तो भूजलापर्यंत किती सहज पोहोचतो, आणि वाटेत किंवा तळाशी त्यातील किती नाहीसा होतो. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातही हेच तीन प्रश्न विचारायचे असतात. उत्तरे तेवढी वेगळी मिळतात.

भाराचा हिशेब कागदावर करून पाहावा, कारण तो केल्याशिवाय किती थोड्या नायट्रोजनने पाणी बिघडते याची कल्पना येत नाही. एका हेक्टरवरून वर्षात १०० मिलिमीटर पाणी खाली मुरले, तर ते दहा लाख लिटर होते. त्याच्याबरोबर फक्त १० किलो नायट्रोजन गेला, तर नायट्रेट लिटरला ४४ मिलिग्रॅम होते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नायट्रोजन असतो. तेव्हा हेक्टरामागे अर्धी गोणी मुळांच्या खाली निसटली की मर्यादा गाठलीच. आडसाली उसाला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नायट्रोजनची आहे. ऊस दीड वर्ष उभा राहतो, म्हणून वर्षाचे सुमारे २६७ किलो धरू. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे २७ किलो, पाटपाण्याबरोबर झिरपला आणि झिरपलेले पाणी २०० मिलिमीटर असेल, तर खाली पोहोचणाऱ्या पाण्यात लिटरला सुमारे ६० मिलिग्रॅम नायट्रेट असेल. यात शेतकऱ्याने शिफारशीपेक्षा एक गोणीही जास्त टाकलेली नाही.

ऊस दिसला की धोका, असे सूत्र मात्र मांडू नये. वर उल्लेखिलेल्या जिल्ह्यांपैकी वर्धा, यवतमाळ, अमरावती आणि बुलढाणा हे उसाचे जिल्हे म्हणून कुणी ओळखत नाही. तिथे कापूस, सोयाबीन आणि तूर आहे. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला ढोबळमानाने ३ ते ४ किलो नायट्रोजन बाहेर पडतो, म्हणजे पाच माणसांच्या घराचा मिळून जवळजवळ एक गोणी युरिया होतो. शेतातली गोणी एकरभर पसरली जाते आणि तिच्यातले बरेचसे पीक घेते. घराची ही गोणी मात्र एकाच शोषखड्ड्यात, सहा-सात फूट खोलीवर, मुळांच्याही खाली ओतली जाते. शौचालयाच्या टाकीत गाळ बसतो, नायट्रोजन फारसा अडत नाही. तो अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो आणि खालच्या मोकळ्या मुरुमात हवा मिळाली की जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. गोठा, मूत्राचा खड्डा आणि उकिरडा यांची गोष्टही हीच आहे आणि जनावरे चार असली तरी त्यांचा भार घरातल्या माणसांच्या भारापेक्षा कितीतरी जास्त असतो.

वाटेचा विचार खडकावरून करावा. नायट्रेटवर ऋण विद्युतभार असतो आणि मातीच्या कणांवरही, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी जाईल तिकडे ते जाते. पातळ, मुरमाड जमिनीवर पडलेला जोराचा पाऊस नायट्रेटला काही दिवसांत पाण्यापर्यंत नेऊ शकतो. खोल काळ्या जमिनीतून ते सावकाश उतरते, पण उन्हाळ्यात याच जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पहिला वळीव त्या भेगांतून सरळ खाली जातो. मुरुमाखाली भेगाळ किंवा मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या) खडकाचा थर असेल तर पाणी आडवे पळते, आणि बहुतेक उथळ विहिरींचे झरे याच थरात असतात. दोन खडकांच्या मधला तांबडा मातकट थर पाण्याला काही अंशी थोपवतो. विहीर खोदणाऱ्यांना हे थर किती फुटांवर लागले होते, ते त्यांना विचारावे. त्यांची आठवण नकाशापेक्षा खात्रीची असते.

ऱ्हास, म्हणजे नायट्रेटचे विघटन होऊन नायट्रोजन वायू बनणे, हे प्राणवायू नसलेल्या पाण्यातच घडते. ज्या बोअरच्या पाण्याने फरशीवर तांबूस डाग पडतात किंवा ज्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तिथे असे वातावरण असण्याची शक्यता मोठी असते, आणि लोक नाक मुरडतात त्या पाण्यात नायट्रेट बहुधा कमी निघते. स्वच्छ, गार, हवेशीर पाण्याच्या उथळ विहिरीत उलट स्थिती असते.

विहिरीच्या वरच्या अंगाला चालत जाणे

नकाशे आणि सरकारी आकडेवारी जमवण्याआधी विहिरीवर जावे आणि चढाच्या दिशेने शंभर-दीडशे पावले चालत जावे. उथळ भूजल बहुतेक ठिकाणी जमिनीच्या उताराच्याच दिशेने, ओढ्याकडे सरकते, त्यामुळे विहिरीच्या वरच्या अंगाला जे आहे ते पुढेमागे विहिरीत येते. खालच्या अंगाला तीस फुटांवर असलेला गोठा वरच्या अंगाच्या ऐंशी फुटांवरच्या गोठ्यापेक्षा कमी धोक्याचा असू शकतो. मात्र विहिरीवर मोठा पंप दिवसभर चालत असेल, तर खालच्या बाजूचे पाणीही ओढले जाते, हे ध्यानात ठेवावे.

नीरा खोऱ्यातल्या एका मळ्यात ऑक्टोबरमध्ये आम्ही विहिरीत डोकावून पाहत होतो. पाणी अठरा फुटांवर होते. तीन बाजूंचा दगड कोरडा होता. चौथ्या बाजूला काठापासून आठेक फुटांवर एका सांध्यातून पाण्याची बारीक धार पाझरत होती आणि तिच्याखाली हिरवट-काळा ओघळ पार पाण्यापर्यंत गेला होता. वर पाहिले तर त्याच बाजूला, काठापासून बावीस पावलांवर, म्हशींचा गोठा होता. मालकांनी सांगितले की ही धार पाऊस संपल्यावर महिना-दीड महिना चालते. त्या धारेखाली बाटली धरून घेतलेला नमुना आणि विहिरीचा नमुना वेगवेगळे तपासले, तेव्हा धारेचा आकडा विहिरीच्या दुपटीहून जास्त निघाला. असा ओघळ दिसणे हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा संकेत आहे, आणि तो कोणत्याही उपग्रहचित्रात दिसत नाही.

बोअरच्या बाबतीत खोलीवर भिस्त ठेवू नये. तीनशे फूट खोल बोअर सुरक्षित असते असे सर्रास मानले जाते, पण केसिंग (भोकात बसवलेला पाइप) केवळ वरच्या मातीपुरते टाकून बाकी भोक उघडे ठेवलेले असेल, तर चाळीस फुटांवरचे उथळ पाणी त्याच भोकातून खाली पडत राहते आणि पंप तेच वर आणतो. बोअर बंद असताना केसिंगला कान लावल्यास पाणी पडल्याचा आवाज येतो का, हे पाहावे. केसिंग पक्क्या खडकात बसले आहे का, त्याच्याभोवती सिमेंट भरले आहे का, ते जमिनीच्या वर किती आहे आणि भोवती चबुतरा आहे का, हे प्रश्न खोलीच्या प्रश्नाआधी विचारावेत.

नोंद आणि नमुना

प्रत्येक विहिरीसाठी वहीत एकच ओळ असावी. त्या ओळीत पुढील गोष्टी याव्यात: मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, विहीर की बोअर, खोली, पाण्याची त्या दिवसाची पातळी, केसिंग किंवा बांधकाम किती फुटांपर्यंत, वरच्या अंगाला सर्वांत जवळचा शोषखड्डा, गोठा किंवा उकिरडा किती फुटांवर, वरच्या अंगाचे पीक आणि पाणी देण्याची पद्धत, मातीची जाडी आणि रंग, आणि ओघळ दिसला की नाही. पीक विचारताना या वर्षीच्या पिकावर थांबू नये. सातबाऱ्यावरील मागच्या काही वर्षांच्या पीक नोंदी पाहाव्यात, कारण जमिनीत उतरलेला नायट्रोजन पीक बदलल्याबरोबर संपत नाही. खताबद्दल "किती गोण्या आणि केव्हा" असे विचारावे. हेक्टरी किलोमध्ये कुणी उत्तर देत नाही, आणि दिलेच तर ते पुस्तकातून आलेले असते.

शक्य असल्यास पाण्याची विद्युतवाहकताही मोजावी. पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने नायट्रेट कळत नाही, हे खरे. परंतु एकाच वाडीतल्या, एकाच खडकातल्या दहा विहिरींपैकी एकीचा आकडा बाकीच्यांच्या दीडपट असेल, तर तिथे काहीतरी बाहेरून येत आहे. क्लोराइड तपासता आल्यास आणखी बरे. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही वाढलेली असतील आणि सोबत ई. कोलाय हा विष्ठेतला जिवाणू सापडला, तर संशय मलमूत्राकडे जातो. नुसते नायट्रेट वाढलेले असेल तर युरियाकडे. पोटॅश म्हणून टाकल्या जाणाऱ्या खतातूनही क्लोराइड येते, म्हणून या खुणेवर एकट्याने निकाल देऊ नये.

नमुना घेताना पंप दहा मिनिटे चालू ठेवावा. उघड्या विहिरीत बाटली पृष्ठभागाखाली बुडवून भरावी. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, बर्फाच्या डब्यात ठेवावी आणि दोन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्हा आणि उपविभाग पातळीवर आहेत. पट्ट्यांनी मोजायचे असल्यास दर दहा नमुन्यांतील दोन तरी प्रयोगशाळेतही द्यावेत आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, असे दोन फेरे हवेत. केंद्रीय मंडळाच्या वर उल्लेखिलेल्या अहवालात दोन्ही वेळा तपासलेल्या ठिकाणी मर्यादा ओलांडणाऱ्यांचे प्रमाण पावसाळ्यापूर्वी ३०.७७ टक्के आणि नंतर ३२.६६ टक्के होते. सरासरीतला हा फरक लहान दिसतो, पण एकेका उथळ विहिरीत तो फार मोठा असू शकतो.

आकडेमोड

तपासलेल्या साठ विहिरींची माहिती हाती आली की लगेच संगणकाकडे धावण्याचे कारण नाही. आधी मोजणी करावी. समजा, वरच्या अंगाला शंभर फुटांच्या आत शोषखड्डा किंवा गोठा असलेल्या २० विहिरी आहेत आणि त्यांतील १२ मर्यादेबाहेर आहेत. उरलेल्या ४० पैकी ८ मर्यादेबाहेर आहेत. म्हणजे पहिल्या गटात धोका ६० टक्के आणि दुसऱ्यात २० टक्के. हाच पहिला अंदाज. आता दुसरा प्रश्न घेऊन, उदाहरणार्थ वरच्या अंगाला पाटपाण्याचे पीक आहे का, प्रत्येक गटाचे दोन भाग करावेत. भाग लहान होत गेले की एक फसवणूक सुरू होते: एखाद्या गटात तीनच विहिरी येतात, तिन्ही चांगल्या निघतात आणि धोका शून्य असे लिहिले जाते. यावर सोपा उपाय असा की प्रत्येक गटात एक वाईट आणि एक चांगली विहीर मनाने मिळवावी. मग त्या गटाचा धोका पाचात एक, म्हणजे २० टक्के होतो. पहिल्या मोठ्या गटाचा मात्र १३ भागिले २२, म्हणजे ५९ टक्केच राहतो. थोड्या माहितीवर मोठा दावा करण्यापासून हा उपाय वाचवतो.

विहिरींची संख्या शंभराच्या पुढे गेल्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन ही संख्याशास्त्रीय पद्धत वापरावी. ती संगणकावरच्या अनेक मोफत साधनांत मिळते आणि तिचे उत्तर थेट "मर्यादा ओलांडण्याची शक्यता" या स्वरूपात येते. नायट्रेटचा नेमका आकडा, ५२ की ६८, सांगण्याचा हट्ट धरू नये. दर एका घटकामागे किमान दहा वाईट विहिरी हाताशी असाव्यात, असा जुना ठोकताळा आहे. वाईट विहिरी वीसच असतील तर प्रारूपात दोनपेक्षा जास्त घटक घालू नयेत. रँडम फॉरेस्टसारख्या, संगणकाला माहितीवरून शिकवण्याच्या पद्धती हजारो नमुन्यांवर उत्तम चालतात, परंतु एका गावाच्या माहितीवर त्या ती माहिती पाठ करून टाकतात. ड्रॅस्टिक नावाची गुणांकन पद्धत आपल्याकडील शोधनिबंधांत वारंवार दिसते. तिच्या सात घटकांत पाण्याची खोली, पुनर्भरण, माती, उतार, खडक हे सारे आहे, पण गोठाही नाही आणि केसिंगही नाही. जलधर, म्हणजे भूजल साठवणारा थर, किती नाजूक आहे हे ती सांगते. एकेका विहिरीसाठी तेवढे पुरत नाही.

प्रारूपाची परीक्षा घेताना चिठ्ठ्या टाकून काही विहिरी बाजूला काढणे, ही पळवाट आहे, कारण बाजूला काढलेल्या विहिरीची शेजारीण प्रारूपाने आधीच पाहिलेली असते. त्याऐवजी एका ओढ्याचे पूर्ण पाणलोट बाजूला ठेवावे, बाकीच्यांवरून प्रारूप बांधावे आणि त्या ओढ्यावरच्या विहिरींचा अंदाज करावा. अचूकतेचा आकडा बहुधा खाली येतो. तोच खरा धरावा.

शेवटी रेषा कुठे मारायची हा प्रश्न राहतो. शक्यता ५० टक्क्यांच्या वर असेल तरच धोका, असे मानण्याची सवय असते. वाईट विहिरीला चांगली म्हणण्याची किंमत एका बाळाच्या प्रकृतीची, आणि चांगलीला वाईट म्हणण्याची किंमत एका तपासणीची असते. म्हणून रेषा २० टक्क्यांच्या आसपास आणावी. घरमालकांना सांगताना "तुमची विहीर खराब आहे" असे न म्हणता "तुमच्यासारख्या दहा विहिरींपैकी चार खराब निघाल्या, म्हणून तुमची आधी तपासू" असे सांगावे. त्याच वेळी हेही स्पष्ट करावे की पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून थोडे वाढते. तुरटी, क्लोरीन आणि कँडलचा फिल्टर यांचाही उपयोग नाही. आरओ यंत्राने ते बरेच कमी होते, मात्र यंत्रातून निघणाऱ्या पाण्याची तपासणी वेळोवेळी करावी लागते.

तपासणीचे निकाल आल्यावर अंदाज चुकलेल्या विहिरींची वेगळी यादी करून त्या विहिरींवर पुन्हा जावे. आमच्या यादीतल्या एका बोअरला आम्ही निर्धास्तपणे सुरक्षित गटात टाकले होते: केसिंग चांगले, गोठा लांब, वरच्या अंगाला जिरायत. आकडा ८० च्या वर आला. दुसऱ्या फेरीत घरातल्या आजींना विचारले, तेव्हा त्यांनी पडवीच्या नव्या फरशीकडे बोट दाखवले. त्यांच्या सासऱ्यांच्या काळापासूनचा उकिरडा तिथेच होता आणि खड्डा भरून त्यावर सहा वर्षांपूर्वी बांधकाम झाले होते. त्यानंतर आमच्या वहीत "पूर्वी इथे काय होते" असा एक रकाना वाढला, आणि तो घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारूनच भरायचा असे ठरले.